थूलबाईंची बियरची फुलं

थूलबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पाचही शीलं अशा खणखणीत आवाजात म्हणायच्या की आमच्या घरातली उरलीसुरली झोपही उडायची. पण खरं सांगायची त्यांना कधी घाई नसे. खोटं न बोलणं आणि खरं सांगणं, या दोहोंच्या मध्ये एक छान ऐसपैस जागा असते. थूलबाई तिथे खुर्ची टाकून बसत.

एकदा माझ्या बायकोने विचारलं, "बाई, तुमच्या लिंबाच्या लोणच्याले असा रंग कसा काय येते?" बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "मी तं मीठ टाकतो, बापा." बायकोने घरी येऊन बरणीत मीठ ओतलं. ते लोणचं आम्ही पुढे औषधासारखं चाटत होतो. तक्रार घेऊन गेली तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मीठ टाकतो म्हटलं मी. मीठच टाकतो असं कुठं म्हटलं?"

वर्ध्याच्या नालवाडीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. गच्चीवर मध्ये कमरेएवढा कठडा. बाई जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवत देवळी, सेलू असं फिरल्या आणि शेवटी हिंगणीहून निवृत्त झाल्या. बुटक्या, गोल, पायात पुरुषी चपला, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. तो आवाज निवृत्तीनंतर गल्लीच्या टोकापर्यंत पोचू लागला. त्यांच्यासमोर एक वाक्य मात्र उच्चारायची सोय नव्हती, "इथं ते होत नाही." ते ऐकलं की चष्मा निघे, पदर येई. "कोनाच्या घरी होत नाई?" हिंगणीच्या शाळेत त्यांनी स्ट्रॉबेरी लावली होती. फळं धरली, आणि एका सकाळी जंगलातून वानरांची टोळी येऊन सगळी खाऊन गेली. मी हसलो तर म्हणाल्या, "वानर कच्चं खात नाई, संजू. पिकली होती म्हनूनच नेली."

पण ही गोष्ट स्ट्रॉबेरीची नाही. ही गोष्ट थूलकाकांच्या झोपेची आहे.

काकांनी उभं आयुष्य रातराणी बस चालवण्यात घालवलं. मागे प्रवासी माना टाकून घोरताहेत आणि पुढे हा एकटा माणूस डोळे ताणून बसलाय. रात्री झोप येणं हा त्यांच्या दृष्टीने गुन्हा होता. निवृत्त झाल्यावरही शरीराने तो गुन्हा करायचं नाकारलं. रात्री तर नाहीच, दिवसाही नाही. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला रे लागला की त्यांचा उजवा पाय खाडकन जमिनीवर आपटे. ब्रेक! आणि काका जागे. गोळ्या सुरू झाल्या, तर त्या गुंगीत न्हाणीघरात पडले, कंबर दुखावली, आणि डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. माणूस वाळत चालला. नातलगांची नावं विसरू लागला. चहा जरा गार झाला तर कप भिरकावू लागला. ज्याने कधी हॉर्नसुद्धा जोरात वाजवला नाही, असा माणूस.

"एवढ्या लोकांले झोपवत झोपवत नेलं ह्या मानसानं," बाई एकदा कठड्याला रेलून म्हणाल्या. "याले कोन झोपवन?" त्या दिवशी चष्मा पुसताना जरा वेळ लागला.

त्यांची लेक सुजाता जर्मनीत नर्स आहे. ती आली तेव्हा एक छोटी उशी घेऊन आली. आत कापूस नव्हता, वाळलेली फुलं होती. हॉप म्हणतात त्या वेलाला. तिकडे झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या उशाशी अशी उशी ठेवायची जुनी पद्धत आहे म्हणे. काकांना त्या उशीवर झोप लागली. अख्खी रात्र नाही, पण लागली. पुढे उन्हाळ्यात उशीचा वास उडाला आणि काकांची झोपही उडाली. लेक म्हणाली, दुसरी पाठवते. बाई म्हणाल्या, "दरवर्षी काय तुह्या पार्सलच्या भरवशावर झोपन काय तुहा बाप? झाडच लावतो मी."

हिमाचलातल्या एका रोपवाटिकेचा फोन मिळवला. मी शेजारीच होतो. पलीकडचा माणूस भला होता, पण त्याचं नशीब वाईट. तो म्हणाला, "मॅडम, वर्धा में? नहीं होगा."

बाईंनी चष्मा काढला.

मुळ्या आल्या. वर्तमानपत्राच्या ओल्या कागदात गुंडाळलेल्या, अद्रकाच्या लांबट भावंडांसारख्या दिसणाऱ्या. बाईंनी मला कठड्याशी बोलावलं आणि आवाज चक्क खाली आणला. तेव्हाच मला कळलं की मामला गंभीर आहे.

"आईक. हे तुह्या काकाच्या उशीसाठी आहे. तुले माहीत, मले माहीत, सुजाताले माहीत. चौथ्या कोनाले नाई. काकाले तं नाईच. त्याले आशा लावून ठेवली न् झाड मेलं, तं आता आहे तेवढीबी झोप जाईन त्याची. कोनी विचारलं तं तोंड बंद ठेवजो."

"आणि तुम्हाला कोणी विचारलं तर?"

"माह्यं मी पाहून घेतो."

हे झाड आधी कडाक्याच्या थंडीत झोपून उठल्याशिवाय वाढत नाही. आमची थंडी त्याला पुरत नाही, म्हणून हिवाळाभर मुळ्या बाईंच्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात झोपल्या. काका भाजी काढायला जात आणि म्हणत, "या घरात मुळीले बी झोप लागते. मीच एकटा ड्युटीवर."

थंडी सरताना बाईंनी प्लास्टिकचे निळे ड्रम अर्धे कापून घेतले, बुडाला भोकं पाडली आणि बाहेरून चुना फासला. वर्ध्याच्या उन्हात निळा ड्रम म्हणजे मुळ्यांची भाजीच. पोयट्याची माती, शेणखत, वाळू, आणि वर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी पाण्याच्या टाकीची सावली पडेल अशी पूर्वेची बाजू. कठड्यापासून टाकीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत सुतळ्या ताणल्या. कोंब फुटले, आणि बघता बघता सुतळीला धरून चढू लागले. "पाह्य," बाई म्हणाल्या, "कसं उजवं घालून चाललं. स्तुपाले आपन जातो तसं." आणि खरंच, प्रत्येक वेल एकाच बाजूने, उजवीकडूनच वेढे घेत होता. डावीकडून गुंडाळून पाहा. रात्रीतून स्वतःला सोडवून घेई.

संध्याकाळी बाई तिथे बल्ब लावत. हा वेल लांब दिवसांच्या मुलखातला. दिवस लांब वाटला नाही तर नीट वाढत नाही, मग फुलं कुठली?

"बाई, ही त्या झाडाची फसवणूक नाही का? शील मोडतं तुमचं."

"मी बोलली काय त्याच्याशी काई? बल्ब लावला फक्त."

आता या नाटकात भोयरसाहेबांचा प्रवेश. निवृत्त तलाठी, समोरच्या घरात राहणारे, पोट आधी येतं आणि साहेब मागाहून. त्यांनी गच्चीवरचा बल्ब पाहिला, वेल पाहिला, मोबाइलने फोटो काढला, आणि मोबाइलनेच त्यांना सांगितलं की हे झाड हॉपचं, आणि याची फुलं बियरमध्ये घालतात.

परगावच्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा जिल्हा दारूबंदीचा. ज्यांना घ्यायची असते ते गृहस्थ नदीच्या पलीकडे "कामासाठी" जातात आणि उशिरा, फार विनम्र होऊन परततात. अशा गावात तुमच्या समोरच्या गच्चीवर बियरची फुलं लागणार असतील तर माणसाच्या मनात काय काय फुलत असेल! भोयरसाहेब दुसऱ्याच सकाळी दाढी करून आले. सोबत हार्डवेअरवाले राऊत. मी कठड्यापलीकडे कपडे वाळत घालायला लागलो. आधीच वाळलेले होते.

"नमस्कार जी, बाई. हे झाड..."

"हो जी. वेल आहे."

"याच्यापासून ते... बनते म्हने?"

"बनते म्हनतात."

"मंग तुमी..." साहेबांनी घसा साफ केला. "म्हनजे बनवनार काय?"

बाईंनी चष्मा पुसला. "आधी फुलं तं येऊ द्या, भोयर साहेब."

मी उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राऊत इतक्या भक्तिभावाने म्हणाले, "काई मदत लागली तं सांगा जी," की देवळातसुद्धा मी तसा स्वर ऐकलेला नाही.

मग कोणीतरी चुगली केली आणि एक हवालदार जिना चढून आले. घामाघूम. त्यांनी पान चोळून वास घेतला. "बाई, याची दारू होते अशी तक्रार आहे."

"बसा. पानी प्या. मोहाची होते काय दारू?"

"होते."

"गुळाची?"

"होते न्."

"मंग किराणावाल्याले धरलं काय तुमी?"

हवालदार पाणी प्यायले, त्यांनी टोपी सारखी केली, वेलाकडे एकदा पाहिलं. "झाड लावनं गुन्हा नाई," ते म्हणाले. आणि दोन पायऱ्या उतरून, मागे न वळता, "किती दिवस लागतात फुलाले?"

मे महिना आला. वर्ध्याचा मे महिना काय असतो ते सांगून कळत नाही. सकाळी आठला गच्चीवर चप्पल विसरली तर दहाला तिचा आकार बदललेला असतो. बाईंचे गुडघे बोलू लागले, काकांची कंबर आधीच गेलेली, आणि ड्रम तर दिवसातून दोनदा पाणी मागत. नळ एक दिवसाआड. अशा वेळी भोयरसाहेब सकाळी सहाला दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढत. मागे राऊत. पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी ही कीड लागली, बारीक जाळी दिसू लागली. बाई म्हणाल्या, खालून पाण्याचा फवारा मारावा लागतो. तर भोयरसाहेब गावाकडचा कपाशीवर फवारायचा पंप शेजारी ठेवून, बनियन आणि बर्म्युड्यावर, वेलाखाली उताणे झोपून फवारा मारू लागले! त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला आनंदाने सांगितलं, "आमच्या ह्यांले झाडांची इतकी आवड आहे हे मले इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं."

"बाई," मी म्हटलं, "शेवटी हे लोक चिडतील."

"मेहनत वाया जात नाई, रे. भोयरचं पोट पाह्य किती उतरलं."

पण एका दुपारी गंमत संपली. गरम वारा सुटला आणि वेलांवर सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीची एक बाजू फाटून उडाली. तासाभरात एका ड्रममधला वेल कागदासारखा झाला. हात लावला की चुरा. दुसऱ्यांची पानंही कडेने तपकिरी पडली. मी वर गेलो तेव्हा बाई भर उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, ड्रमवर हात ठेवून बसल्या होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्या दिवशी नव्हता.

"काल कप नाई फेकला त्यानं, संजू," त्या म्हणाल्या. "मले म्हने, तू कोन आहे?"

खाली काका चकरा मारत होते. चपलांचा आवाज येत होता. तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. भोयर आणि राऊत स्वतःच्या घरातला कूलर उचलून आणत होते. चालू, वापरातला, भोयरांच्या दिवाणखान्यातला. मेलेल्या वेलापुढे साहेब क्षणभर खाली मान घालून उभे राहिले. मग कूलर उरलेल्या ड्रमांसमोर लावला, टाकी भरली आणि वायर माझ्या घरातून ओढली. कूलरच्या भिजलेल्या ताट्यांमधून गार, ओला वारा सुटला.

"घरी काय कराल जी?" बाईंनी विचारलं.

"आमी पंख्याखाली बसू," भोयर म्हणाले. "आमाले काय फुलं येनार आहे?"

त्या उन्हाळ्यात नालवाडीत भोयरांचं कुटुंब घामात भिजलं आणि हॉपचे वेल गारव्यात राहिले. वेल जगले. आषाढात त्यांना काटेरी बोंडं आली, आणि श्रावण सरता सरता त्यांची फिकी हिरवी, कागदी पाकळ्यांची, सुगरणीच्या घरट्यासारखी लोंबती फुलं झाली. चुरडली की बोटांना पिवळी पूड लागे आणि लिंबाच्या सालीचा, गवताचा, थोडासा कडवट वास सुटे. जर्मनीतली सुजाता व्हिडिओवर बघून रडली. सगळी मिळून सूपभर झाली. बाईंनी ती सावलीत खाटेवर पसरून वाळवली.

भोयरसाहेबांनी दिवस ठरवला. दुपारी दोघं आले. नवे कपडे. राऊतांच्या पिशवीत फुटाणे, शेव, कांदा, आणि अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळलेले स्टीलचे ग्लास. दिवाणखान्यात काका आरामखुर्चीत डोळे उघडे टाकून बसलेले. बाई जमिनीवर सुईदोरा घेऊन बसल्या होत्या आणि मूठ मूठ फुलं एका पांढऱ्या अभ्र्यात भरत होत्या.

"बाई, हे काय जी?"

"उशी."

राऊतांनी पिशवीचं तोंड हळूच बंद केलं.

"आनि... ते?"

"ते काय?"

"बियर!" भोयरसाहेबांच्या तोंडून तो शब्द अखेर बाहेर पडला. "तुमी म्हटलं होतं न् फुलं आल्यावर..."

"मी म्हटलं आधी फुलं येऊ द्या. आली. तुमच्यामुळं आली." बाईंनी दोरा दाताने तोडला. "पाचवं शील घेतलं मी, साहेब, दारूपासून दूर राहाचं. या घरात ते कसं बनन? हे यांच्या झोपेसाठी आहे."

भोयरसाहेब लाल झाले. तोंड उघडलं. काय काय येणार होतं त्यातून कोण जाणे. अख्खा उन्हाळा, कूलर, पंप, सगळंच. पण बाईंनी तोवर उशी काकांच्या मानेखाली सरकवली होती. काकांनी डोळे मिटले. आम्ही सगळे, न ठरवता, त्यांच्या उजव्या पायाकडे बघू लागलो. सगळ्या गल्लीला तो पाय माहीत होता. आता आपटेल. आता. पाय हलला नाही. श्वास लांब झाला. राऊतांनी घाबरून तोंडातला फुटाणा तसाच धरून ठेवला, आणि शेवटी न राहवून कट्कन फोडला. भोयरसाहेबांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि कुजबुजले, "अबे चूप! मानूस झोपून राह्यला!" मग मोठ्या पोटाचा तो माणूस चवड्यांवर चालत पिशवी घेऊन बाहेर गेला. बाईंनी त्यांना दारात थांबवून फक्त एवढंच म्हटलं, "कूलर घेऊन जा जी. वहिनी वाट पाहत असन."

पुढची दोन वर्षं हेच चाललं. भोयर चिडायचे, यंदा पाणी घालणार नाही म्हणायचे, आणि मे आला की बादल्या घेऊन हजर. काका झोपू लागले, सावरले, लोकांची नावं परत त्यांच्या तोंडी आली. आणि मग गेल्या हिवाळ्यात बाईच गेल्या. ताप आला आणि आठवडाभरात संपलं सगळं. मुळ्या तेव्हा फ्रिजमध्ये झोपल्या होत्या.

मला एकच भीती होती. आता काकांचं काय? म्हणून या उन्हाळ्यात एका सकाळी मी कठडा ओलांडला. काका ड्रमांशी वाकून कुटार सारखं करत होते.

"काका, उशी आहे न? वास गेला असेल जुना. सुजाताला सांगू?"

"त्या वासानं माह्यं डोकं दुखे," काका म्हणाले.

"काय?"

"पह्यल्यापासून. जर्मनीच्या उशीनं बी दुखे. पन पोरीनं एवढ्या दुरून आनली, न् मंग ही बाई उन्हात मरून राह्यली माह्यासाठी. तिले वाटे मले काई माहीत नाई. रातरानी चालवली मी. आरशात मांगचं सगळं दिसते. त्या दिवशी जागाच होतो. राऊतनं फुटाना फोडला, भोयरनं त्याले अबे म्हटलं. सगळं आयकलं. पाय कसा धरून ठेवला ते माह्यं मले माहीत."

मी कठड्यावर बसलो. "म्हणजे तुम्ही कधी झोपलाच नाही?"

"झोपलो न्. ते दोघं गेले, ही माह्याजवळ बसली, न् सोंग करता करता लागली झोप. रोज सोंग करो, रोज लागे."

"आणि आता? आता सोंग कोणासाठी?"

काकांनी बादली माझ्या हातात दिली आणि सुतळीवरून सुटलेला एक कोंब अलगद उजवीकडून गुंडाळला. "आता सोंगाले टाइम कुठं आहे? सकाळी भोयर यायच्या आंधी पानी भरा लागते. रातच्या नऊ वाजताच डोळे मिटतात, बापा."